सोन्याचे कण घातले आणि डायचा, म्हणजे चमकणाऱ्या रंगद्रव्याचा, उजेड गेला. गेला कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने ऱ्होडामीन ६जी या डायचं १ मायक्रोमोलर द्रावण घेतलं आणि त्यात सायट्रेट पद्धतीने केलेले १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण वाढत्या प्रमाणात घातले. उत्तेजन ४९० नॅनोमीटरच्या उजेडाने, मोजणी ५५२ ला. सोनं ३ नॅनोमोलरवर पोहोचलं तेव्हा फ्लुओरेसन्स, म्हणजे डायची चमक, १०० वरून १४ वर आला होता. स्टर्न-व्होल्मर आलेखाचा (सोनं वाढेल तशी चमक किती पट घटते याचा) उतार सुमारे २०० कोटी प्रति मोलर निघाला. शेवटचे दोन बिंदू मात्र रेषेला न जुमानता वर पळतात. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. याला स्टॅटिक क्वेंचिंग, म्हणजे डाय विझवणाऱ्याला चिकटूनच बसल्यामुळे होणारं विझणं, म्हणायचं का? कमी सोन्याच्या नळ्या जांभळट आणि जास्त सोन्याच्या लाल, असं उलटं का झालं? आणि धातूच्या कणांजवळ डाय जास्त चमकतो असे पेपर ढिगाने असताना आपल्याकडे तो विझतोच कसा?

प्रश्न चांगला आहे, कारण सगळे आकडे दिले आहेत. एरवी नुसतं 'क्वेंचिंग झालं, पुढे काय?' असं विचारलं जातं आणि मग आम्ही अंदाजपंचे बोलत बसतो.

आधी तुमच्या आलेखाकडे पाहू. स्टर्न आणि व्होल्मर यांचं समीकरण १९१९ सालचं. त्यात विझवणारा रेणू द्रावणात हिंडतो, उत्तेजित डायला धडकतो आणि त्याची ऊर्जा काढून घेतो. यालाच डायनॅमिक क्वेंचिंग म्हणतात. तुमच्या उताराला ऱ्होडामीन ६जीच्या साधारण ४ नॅनोसेकंद आयुष्याने (डाय उत्तेजित राहतो त्या सरासरी काळाने) भागलं, तर धडकेचा वेग ५ गुणिले १० चा १७ वा घात एवढा येतो. पाण्यात दोन गोष्टी एकमेकींना जास्तीत जास्त ज्या वेगाने गाठू शकतात, तो १० च्या १० व्या घाताच्या आसपास असतो. तुमचा आकडा त्याच्या ५ कोटी पट आहे. हा आकडा पाहून पुष्कळ जण 'म्हणजे डायनॅमिक शक्यच नाही, म्हणजे स्टॅटिकच' असं लिहून मोकळे होतात. छापूनही येतं. पण निष्कर्ष काढायची इतकी घाई नको. एवढा अचाट आकडा आला की समीकरणाची गृहीतकंच इथे लागू आहेत का, ते आधी तपासायचं. आधी कळस मग पाया असा प्रकार झालाय.

पाया म्हणजे शोषकता, द्रावण किती उजेड गिळतं ते. तुमच्या लाल द्रावणाचा स्पेक्ट्रम तुम्ही घेतलाच असणार, ५२० ला टेकडी दिसली म्हणजे कण बरोबर झाले, एवढ्यापुरता. तोच स्पेक्ट्रम पुन्हा उघडा. १३ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाचा मोलर शोषण गुणांक ५२० ला साधारण २७ कोटी असतो. ऱ्होडामीन ६जी हा डायांमधला खादाड मानला जातो, तरी त्याचा सुमारे १ लाख. म्हणजे एक कण अडीच हजारांहून जास्त डाय-रेणूंइतका उजेड गिळतो. ३ नॅनोमोलर सोन्याची शोषकता ५२० ला ०.८ च्या घरात जाते, ४९० ला ०.६४ आणि ५५२ ला ०.५६ धरा. लॅम्पचा उजेड क्युव्हेटच्या (मोजणीसाठी द्रावण भरायच्या चौकोनी नळीच्या) मध्यापर्यंत पोहोचायच्या आत निम्म्याच्या आसपास येतो. मध्यावर डायने जे काही उत्सर्जन केलं, तेही बाहेर पडताना पुन्हा सोन्याच्या लाल पाण्यातून जातं आणि तिथेही निम्मं होतं. डायने सोन्याला स्पर्शही केला नसता, तरी तुमच्या यंत्राने १०० चे २५ दाखवले असते.

यालाच इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. दुरुस्ती सोपी आहे. दोन्ही तरंगलांबींच्या शोषकतांची बेरीज करायची, तिला २ ने भागायचं, १० चा तेवढा घात काढायचा आणि मोजलेल्या तीव्रतेला त्याने गुणायचं. इथे बेरीज १.२, अर्धी ०.६, १० चा ०.६ वा घात जवळपास ४. तुमचे १४ गुणिले ४ म्हणजे ५६. मूळ डायची स्वतःची शोषकता आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही मोजण्यांत आहे, म्हणून ती इथे धरलेली नाही. म्हणजे जे ८६ टक्के विझलं असं तुम्हाला वाटत होतं, त्यातलं खरं विझणं ४४ टक्के. शेवटचे दोन बिंदू वर पळतात त्याचंही कारण हेच आहे, कारण शोषण घातांकाने वाढतं आणि रेषेत राहणं त्याच्या स्वभावात नाही.

आणि हेही सांगतो, की ४ पट दुरुस्तीवर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. हे सूत्र मोजणीची जागा बरोबर क्युव्हेटच्या मध्यावर आहे असं धरून चालतं. यंत्रागणिक ती थोडी सरकते, आणि दुरुस्ती मोठी असेल तर ही चूकही मोठी होते. माझा नियम असा की दोन्ही शोषकतांची बेरीज ०.१ ते ०.१५ च्या वर जाऊ द्यायची नाही. तुम्ही दोन्ही गोष्टी १० पट विरळ करा. डाय १०० नॅनोमोलर, सोनं ०.३ नॅनोमोलर. गुणोत्तर तेच राहतं, दुरुस्ती १.१५ पट एवढीच उरते. ऱ्होडामीन ६जी इतका तेजस्वी आहे की १०० नॅनोमोलरला यंत्र कुरकुर करणार नाही. विरळ करणं जमत नसेल तर ३ मिलिमीटर वाटेची क्युव्हेट वापरा.

आता त्या ४४ टक्क्यांचं काय? हिशोब कागदावर मांडता येतो आणि तो मांडल्याशिवाय मी माझ्या विद्यार्थ्यांना पुढे जाऊ देत नाही. १३ नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्याचं पृष्ठफळ ५३१ चौरस नॅनोमीटर. ऱ्होडामीनचा रेणू आडवा पडला तर दीड-दोन चौरस नॅनोमीटर जागा अडवतो. म्हणजे एका कणावर जेमतेम ३०० रेणू मावतील. १००० नॅनोमोलर डायपैकी ४४ टक्के म्हणजे ४४० नॅनोमोलर, भागिले ३ नॅनोमोलर कण, म्हणजे कणामागे सुमारे १४७ रेणू. बसतात. पृष्ठभाग अर्धा भरलाय असं चित्र उभं राहतं आणि ते पटण्यासारखं आहे. दुरुस्तीनंतरही ९५ टक्के विझलेलं दिसलं असतं, तर कणामागे ३१७ रेणू बसवावे लागले असते, आणि मग मी तुम्हाला दुसरीकडे शोधायला लावलं असतं.

हेच चित्र तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं. सायट्रेटच्या कणांवर ऋण भार असतो, त्या भारामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात आणि द्रावण महिनोन्महिने लाल राहतं. ऱ्होडामीन ६जी धन भाराचा. तो कणाकडे ओढला जातो, चिकटतो, आणि चिकटताना कणाचा ऋण भार खाऊन टाकतो. आता तुमच्या नळ्या बघा. ३ नॅनोमोलरच्या नळीत कणामागे ३३३ डाय-रेणू आहेत. ०.५ नॅनोमोलरच्या नळीत कणामागे २०००! सोनं कमी म्हणजे गडबड कमी, असं आपल्याला उगाच वाटतं. इथे प्रत्येक कणावर डायचा मारा सहापट आहे. भार संपला, कण एकमेकांना चिकटले, आणि चिकटलेल्या कणांचे प्लाझ्मॉन (मोकळ्या इलेक्ट्रॉनांची सामूहिक थरथर) एकमेकांत गुंतून शोषण ६००-७०० नॅनोमीटरकडे सरकलं. डोळ्याला ते जांभळं, मग निळसर दिसतं. नळी तासभर तशीच ठेवलीत तर तळाशी काळपट गाळही दिसेल.

म्हणजे तुमच्या एकाच आलेखावर दोन वेगळ्या पदार्थांचे बिंदू आहेत, सुटे कण आणि गठ्ठे. त्यांतून एक रेषा काढणं म्हणजे आंबा आणि आमसूल एका तराजूत तोलणं. जांभळ्या नळ्या बाजूला काढा. पुढच्या वेळी सोनं स्थिर ठेवून डाय बदलता ठेवा, आणि कणामागे किती रेणू हा आकडा आडव्या अक्षावर घ्या. प्रत्येक नळीचा शोषण-स्पेक्ट्रम ४०० ते ८०० पर्यंत वेगळा घ्या. शोषकता संहतीवरून गणिताने काढायची नाही, मोजायची, कारण गठ्ठे झाले की २७ कोटींचा आकडा लागू पडत नाही.

मिसळण्याची पद्धतही सांगतो, कारण तिने निम्मी कामं बिघडतात. तीव्र डायचा एक थेंब पिपेटने लाल द्रावणात सोडला, तर तो थेंब पसरायच्या आत त्याच्या आसपासचे कण गठ्ठे होऊन बसतात. मग कितीही हलवा, ते सुटत नाहीत. दोन्ही द्रावणं सारख्या आकारमानाची, दोन्ही विरळ, आणि सोनं व्हॉर्टेक्सवर (नळी घुसळणाऱ्या यंत्रावर) फिरत असताना त्यात डाय ओतायचा. पाच सेकंदांचं काम आहे, पण ते हाताला लागावं लागतं.

इथे एक माझी फजिती सांगतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी ऱ्होडामीन सोडून फ्लुओरेसीन घेतला होता. विचार असा की फ्लुओरेसीन ऋण भाराचा, कणही ऋण भाराचे, चिकटणार नाहीत, म्हणजे इनर फिल्टरचा शुद्ध नमुना मिळेल. दुरुस्ती केल्यावर घट शून्य यायला हवी होती. आली ३० टक्के. चार महिने मी 'दुरून ऊर्जा-स्थानांतर' या विषयावर टिपणं काढली. गाइडना दाखवली, त्यांनाही आवडली. मग शेजारच्या टेबलावरच्या एका सीनिअर ताईंनी विचारलं, 'पीएच किती आहे रे तुझ्या सोन्याचा?' मी पीएच पेपर बुडवला. सहा. फ्लुओरेसीनचा शेवटचा पीकेए (ज्या पीएचला तो अर्धा आम्लरूपात जातो) ६.४ च्या आसपास असतो, त्याच्या खाली त्याची चमक झपाट्याने उतरते. मी डायमध्ये सोनं घालत होतो आणि सोन्याबरोबर आम्लही. विझवत होतं ते आम्ल.

बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, घालून हे टळलं असतं का? टळलं असतं, पण त्यातही खोच आहे. सायट्रेटचे उघडे कण मिठाला घाबरतात. नेहमीचा १०० मिलिमोलरचा बफर ओतलात तर द्रावण तुमच्या डोळ्यांदेखत निळं होईल, कारण एवढ्या मिठात भारांमधलं प्रतिसारण जेमतेम १ नॅनोमीटरपर्यंत पोहोचतं. १-२ मिलिमोलरवर थांबायचं आणि बफर घातल्यावर स्पेक्ट्रम बदलला नाही याची खात्री करायची.

तेव्हापासून मी एक ब्लँक, म्हणजे तुलनेची कोरी मोजणी, कधीच सोडत नाही. तुमचं सोन्याचं द्रावण सेंट्रिफ्यूज करा, १३ नॅनोमीटरसाठी १५,००० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट बलाच्या) आसपास अर्धा तास. वरचं पाणी रंगहीन हवं. ते पाणी, म्हणजे सुपरनॅटंट, सोन्याइतक्याच आकारमानाने डायमध्ये घाला आणि मोजा. त्यात उरलेला सायट्रेट आहे, तोच पीएच आहे, सगळं आहे, फक्त कण नाहीत. तुमचा १०० चा आकडा तिथून सुरू होतो, शुद्ध पाण्यातल्या डायपासून नव्हे. तुमच्या ऱ्होडामीन ६जीला पीएचचा फारसा त्रास नाही, तरी हे कराच. परीक्षकाने विचारलं तर उत्तर तयार असेल.

त्याच सेंट्रिफ्यूजमध्ये आणखी एक काम उरकतं. डाय आणि सोन्याचं मिश्रण फिरवा, कण तळाशी जाऊ द्या, आणि वरच्या पाण्यात किती डाय शिल्लक आहे ते मोजा. जेवढा कमी तेवढा कणांवर बसला. ही थेट मोजणी आहे, हिच्यात इनर फिल्टरची भानगड नाही. तुमचे १४७ रेणू इथे पुन्हा यायला हवेत. फक्त एक लक्षात ठेवा की ऱ्होडामीनला प्लास्टिकही आवडतं. काही डाय एपेनडॉर्फच्या (छोट्या प्लास्टिक नळीच्या) भिंतीवर जातो आणि आपण तो सोन्याच्या खात्यावर लिहितो. म्हणून सोनं न घातलेली डायची नळीही त्याच फेरीत फिरवायची. काचेच्या क्युव्हेटचंही तसंच. गुलाबी झाक दिसत नसली तरी भिंतीवर डाय असतो. आधी इथेनॉलने धुवा, मग विरळ नायट्रिक आम्लाने, मग भरपूर पाण्याने. भिंतीवर सोनं बसलं असेल तर अम्लराज लागेल, पण ते फ्यूम हूडमध्येच आणि कोणीतरी जाणतं सोबत असताना. इथेनॉल आणि ही आम्लं एकमेकांत कधीही मिसळू द्यायची नाहीत, मध्ये पाण्याने नीट खळबळा.

आता भौतिकशास्त्राकडे येतो, कारण तुमचा तिसरा प्रश्न तिथला आहे आणि मला सगळ्यांत जास्त तोच आवडला.

उत्तेजित डाय म्हणजे एक चिमुकला अँटेना, थरथरणारा द्विध्रुव, म्हणजे धन-ऋण भारांची जोडी. जवळ धातू असेल तर धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन त्या थरथरीला प्रतिसाद देतात. डायकडे दोन वाटा असतात. फोटॉन सोडणं ही एक, आणि ऊर्जा उष्णतेत घालवणं ही दुसरी. धातू दोन्ही वाटा बदलतो. शिवाय तिसरी गोष्ट, कणाभोवतीचं प्रकाशाचं क्षेत्र एकवटतं, त्यामुळे डाय उत्तेजित होण्याचा वेगही वाढू शकतो. तुम्हाला यंत्रावर दिसतो तो या तिघांचा एकत्र परिणाम. एकच आकडा पाहून आत काय घडलं ते सांगता येत नाही.

हे पहिल्यांदा सुरेख दाखवलं ते कार्ल हाइन्झ ड्रेक्सहागे यांनी, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात. कण वगैरे काही नव्हते, साधा चांदीचा आरसा होता. त्याच्यावर त्यांनी मेदाम्लांचे एक-रेणू जाडीचे थर एकावर एक चढवले, अगदी मोजून, आणि सर्वांत वर युरोपियमच्या संयुगाचा थर ठेवला. थर वाढवत गेलं की युरोपियमचं आयुष्य कधी वाढायचं, कधी कमी व्हायचं, झोक्यासारखं. कारण परावर्तित लहर परत येऊन कधी थरथरीला साथ देते, कधी विरोध करते. पण आरशाच्या अगदी जवळ गेलं की झोका संपतो आणि आयुष्य सरळ खाली कोसळतं. तिथे लहरींचा खेळ संपलेला असतो, ऊर्जा थेट धातूत शिरते. तुमचं ऱ्होडामीन या कोसळण्याच्या पट्ट्यात आहे, कारण ते सोन्याला चिकटलंय. अंतर १ नॅनोमीटरसुद्धा नाही.

अंतराबरोबर हे किती झपाट्याने बदलतं? दोन डायांमध्ये ऊर्जा जाते तेव्हा फॉर्स्टर यांचा १९४८चा नियम लागतो, अंतराच्या ६ व्या घाताने घट. १० नॅनोमीटरच्या पुढे काही उरत नाही. धातूचा पृष्ठभाग म्हणजे एका जागी उभा असलेला एक रेणू नसतो, तिथे इलेक्ट्रॉनांचा अख्खा पसारा असतो, म्हणून तिथे घट ४ थ्या घाताने होते, हे पेर्सन आणि लांग यांनी १९८२ मध्ये गणिताने मांडलं. २००५ मध्ये डीएनएच्या एका टोकाला फ्लुओरेसीन आणि दुसऱ्याला १.४ नॅनोमीटरचा सोन्याचा कण बांधून, डीएनएची लांबी बदलत हे मोजलं गेलं, आणि ४ थाच घात जुळला. पल्ला फॉर्स्टरच्या दुपटीहून जास्त निघाला. इथे जाताजाता एक तक्रार. १३ किंवा २० नॅनोमीटरच्या कणावर चिकटलेल्या डायसाठी फॉर्स्टरचं अंतर (ज्यावर निम्मी ऊर्जा जाते ते) काढून ते तक्त्यात देणारे प्रबंध मी दर वर्षी तपासतो. स्पेक्ट्रमचा ओव्हरलॅप काढून सॉफ्टवेअर आकडा देतं, म्हणून तो दिला जातो. त्या आकड्याला इथे अर्थ नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. विझणं म्हणजे उष्णतेची वाट रुंद झाली, एवढंच आपण धरतो. पण २००५ मध्येच १२ नॅनोमीटरच्या सोन्याजवळ डीएनएने बांधलेल्या साय५ डायवर डुलकाइट आणि सहकाऱ्यांनी जे मोजलं, त्यात फोटॉन सोडण्याचा वेगही घटलेला दिसला. कारण कळलं की गंमत वाटते. डायचा द्विध्रुव एका दिशेने थरथरतो, कणात निर्माण झालेला द्विध्रुव उलट तालात थरथरतो, आणि दोघांचं उत्सर्जन एकमेकांना खोडून काढतं. दोन ढोलकीवाले बरोबर उलट्या ठेक्यावर वाजवायला लागले तर जे होईल ते.

मग चमक वाढते ती कुठे? दोन अटी आहेत. एक, डाय कणाला चिकटलेला नको, थोडा दूर हवा. दोन, कण मोठा हवा. १३ नॅनोमीटरचा सोन्याचा कण प्रकाश जवळजवळ नुसता शोषतो, परत फेकत नाही. शोषण व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढतं आणि विखुरणं सहाव्या घाताने, त्यामुळे ८० नॅनोमीटरला पोहोचेपर्यंत विखुरणं बरोबरीला आलेलं असतं. असा कण डायची ऊर्जा घेतो आणि प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. म्हणजे कणच अँटेना बनतो. २००६ मध्ये नोव्होटनी यांच्या गटाने काचेच्या सुईच्या टोकाला ८० नॅनोमीटरचा एक सोन्याचा कण लावला आणि तो नाइल ब्लूच्या एका-एका रेणूवर हळूहळू खाली आणला. जवळ येताना चमक वाढत गेली, सुमारे ५ नॅनोमीटरवर शिखर गाठलं, आणि तिथून आणखी खाली आणल्यावर पार विझली. एकच कण, एकच रेणू, आणि वाढ आणि विझणं दोन्ही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मी शब्दांत देऊ शकत नाही.

तुमच्या प्रयोगात कण लहान आणि अंतर शून्य. दोन्ही अटी उलट. विझणारच.

पेपरांमधले वाढीचे आकडे वाचताना मूळ डाय किती अशक्त होता ते आधी पाहा. २००९ मध्ये सोन्याच्या बो-टाय आकाराच्या अँटेनाने १३४० पट वाढ मिळाली. थक्क करणारा आकडा आहे, पण त्या डायची क्वांटम यील्ड (उत्तेजित रेणूंपैकी किती फोटॉन सोडतात ते प्रमाण) अवघी २.५ टक्के होती. शंभरातले ९७ रेणू आधीच वाया जात होते, त्यांना सुधारायला वाव होता. ऱ्होडामीन ६जी इथेनॉलमध्ये ९५ टक्के देतो. त्याला आणखी हुशार करायला जागाच नाही, चमक वाढली तर फक्त उत्तेजनाच्या बाजूने वाढेल. २०१२ मध्ये डीएनए ओरिगामीचा, म्हणजे घड्या घालून आकार दिलेल्या डीएनएचा, खांब उभारून त्याला १०० नॅनोमीटरचे सोन्याचे दोन कण लावले आणि मधल्या २३ नॅनोमीटरच्या फटीत डाय ठेवला, तेव्हा ११७ पट मिळाली. तिथे डायची जागा नॅनोमीटरच्या हिशोबाने ठरवलेली होती. बीकरमध्ये ढवळून हे होत नाही, हे स्वतःला सांगून ठेवायचं.

तरी तुम्हाला वाढ बघायचीच असेल, तर ६०-८० नॅनोमीटरचे कण घ्या, त्यांवर ८-१० नॅनोमीटरचं सिलिकाचं कवच चढवा आणि डाय त्या कवचावर बांधा. चांदी आणखी बरी, कारण सोन्यात ५०० नॅनोमीटरच्या खाली आतल्या इलेक्ट्रॉनांचं शोषण सुरू होतं आणि ते सगळं उष्णतेत जातं. चांदीत ही अडचण अतिनीलमध्ये, ३२० च्या आसपास सुरू होते. पण चांदी हवेत आणि मिठात लवकर बिघडते, ती तुमच्या प्रकल्पाच्या सहा महिन्यांत धड राहील याची हमी मी देणार नाही.

विझणं हे अपयश नाही, हेही सांगायला हवं. २००१ मध्ये केसांच्या पिनेसारख्या मुडपलेल्या डीएनएच्या एका टोकाला डाय आणि दुसऱ्याला १.४ नॅनोमीटरचं सोनं लावून, डीएनए उघडला की चमक परत येते अशी चाचणी केली गेली. तिथे सोनं नेहमीच्या सेंद्रिय क्वेंचरपेक्षा सरस ठरलं, जवळजवळ पूर्ण विझवत असल्यामुळे. आणि तुमचंच ऱ्होडामीन ६जी चांदीच्या कणांवर चिकटवून १९९७ मध्ये नी आणि एमरी यांनी एका रेणूचा रामन स्पेक्ट्रम (विखुरलेल्या प्रकाशातली रेणूची खूण) टिपला. चांदीने फ्लुओरेसन्स गिळला नसता, तर त्या प्रखर उजेडात रामनचे नाजूक पट्टे कधीच दिसले नसते. तुमच्या विभागात रामन यंत्र असेल तर जांभळ्या नळ्या फेकू नका, तिकडे घेऊन जा. फ्लुओरेसन्ससाठी त्या निरुपयोगी आहेत, रामनसाठी गठ्ठ्यांमधल्या फटी म्हणजे पर्वणी.

राहिला पहिला प्रश्न, स्टॅटिक की डायनॅमिक. तीव्रतेच्या आलेखावरून हे सांगता येत नाही, आयुष्य मोजावं लागतं. टीसीएसपीसी, म्हणजे एकेक फोटॉन मोजून आयुष्य काढणारं यंत्र, जवळच्या एखाद्या संस्थेत तासावर मिळतं, तीन नळ्या पुरतात. सोनं नसलेली, मधली आणि ३ नॅनोमोलरची, अर्थात १० पट विरळ केलेली. माझा अंदाज असा की ४ नॅनोसेकंदांचा घटक तिन्हीकडे तसाच राहील, फक्त सोनं असलेल्या नळ्यांत फोटॉन कमी मिळतील. कारण तुम्हाला जे दिसतंय ते द्रावणात सुटे राहिलेल्या रेणूंचं उत्सर्जन आहे, चिकटलेले जवळजवळ अंधारात आहेत. कदाचित अगदी सुरुवातीला, यंत्राच्या स्वतःच्या प्रतिसादाला चिकटून, एक झटपट घटक दिसेल. तो चिकटलेल्या रेणूंचा असू शकतो, नुसत्या विखुरलेल्या लेसरचाही असू शकतो आणि सोन्याच्या स्वतःच्या मंद दीप्तीचाही. डाय नसलेलं नुसतं सोनं त्याच सेटिंगवर मोजल्याशिवाय त्याला नाव देऊ नका. आयुष्याच्या मोजणीत इनर फिल्टरचा त्रास नसतो, कारण उजेड कमी झाला तरी त्याच्या विझण्याचा वेग बदलत नाही. म्हणूनच मी तीव्रतेपेक्षा या आकड्यावर जास्त विसंबतो.

आयुष्य खरंच तसंच राहिलं, तर प्रबंधात 'स्टॅटिक' हा शब्द वापरायला हरकत नाही, पण त्याच्याशेजारी स्टर्न-व्होल्मरचा २०० कोटींचा स्थिरांक छापू नका. त्याऐवजी कणामागे किती रेणू बसले, कोणत्या संहतीला पृष्ठभाग भरतो, आणि सेंट्रिफ्यूजच्या मोजणीशी ते जुळतं का, एवढं द्या. आकृतीत चार वक्र हवेत, कच्चा, दुरुस्त, सुपरनॅटंटचा आणि नुसत्या डायचा. आणि नळ्यांचा एक फोटो, पांढऱ्या कागदासमोर धरून, दिवसाउजेडी काढलेला. जांभळट नळ्या कोणत्या ते त्यात दिसू द्या.